माया, विरक्ती आणि मरणाचे भय

आमच्या थोरल्या बहिणीच्या दफनाच्या दिवशी आमच्या तोंडून दोन वाक्ये निघाली. दोन्ही तिच्याच मुलांना उद्देशून होती. ती आता परत घेता येत नाहीत. निदान त्यांची झडती तरी घ्यावी, या हेतूने हे लिहावयास बसलो आहोत.

बहिणीला दोन अपत्ये. मुलगा 25 वर्षांचा, मुलगी 19 वर्षांची. बहिणीचा आजार लांबला नाही. महिन्या-सव्वा महिन्यात सारे आटोपले. मयताच्या दिवशी भाचा पायाला भिंगरी लावल्यासारखा फिरत होता. खुर्च्या आणणे, धर्मगुरूंशी मिस्साची वेळ ठरविणे, कबर खणणाऱ्यांना चहा पोहोचविणे, स्टेशनवर उतरणाऱ्या नातलगांसाठी रिक्षा धाडणे, सारे त्यानेच पाहिले. शवपेटीजवळ मात्र तो फिरकला नाही. झाकण लावण्यापूर्वी सर्वांनी अखेरचे दर्शन घेतले, तेव्हा तो अंगणाच्या कोपऱ्यात उभा राहून कोणाला तरी मोबाईलवर रस्ता समजावून सांगत होता. भाचीचे याच्या अगदी उलट. ती रात्रभर पेटीची कड धरून बसली होती. सकाळी तिला तेथून उठविताना दोघी मावश्यांना बळ लावावे लागले. माती टाकण्याची वेळ आली तेव्हा तिने असा आकांत मांडला की धर्मगुरूंना प्रार्थना क्षणभर थांबवावी लागली.

आम्ही भाचीला म्हणालो, "पुनरुत्थानावर आपला विश्वास आहे ना? मग एवढा आकांत कशासाठी?" आणि अर्ध्या तासाने, दफनभूमीच्या फाटकाशी, भाच्याला म्हणालो, "आईसाठी एक टिपूससुद्धा निघाले नाही का रे तुझ्या डोळ्यांतून?"

एकीला रडल्याबद्दल बोललो, दुसऱ्याला न रडल्याबद्दल. यातील विसंगती त्या वेळी ध्यानात आली नाही. रात्री जपमाळेला बसलो असता ती एकाएकी समोर येऊन उभी राहिली, आणि मग प्रार्थनेत मन लागेना.

आपल्या धर्मग्रामांतील वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात हल्ली एक तक्रार वारंवार ऐकू येते. तरुण पिढीला मरणाचे गांभीर्य उरलेले नाही; ती मयताला येते ती तोंड दाखविण्यापुरती; आणि घरातच मरण आले तर एक तर कोलमडून पडते, नाही तर कोरडी राहते. या तक्रारीच्या मुळाशी एक गृहीत असते. श्रद्धा पक्की असेल तर मनुष्य मरणापुढे शांत राहील, पण प्रेमळही राहील. रडेल, पण बेताने. सोडून देईल, पण विसरणार नाही. असा नेमका मध्य ज्याला साधला नाही त्याच्या श्रद्धेत काही तरी उणे आहे, असे आपण धरून चालतो. प्रश्न असा की मरणापुढील माणसाचे वागणे हे त्याच्या श्रद्धेचे माप मानता येईल काय? आणि येत नसेल, तर ते कशाचे माप आहे?

या प्रश्नाची एक बाजू आम्हांला मानसशास्त्राच्या पुस्तकांत सापडली. आम्ही त्या शास्त्राचे विद्यार्थी नव्हे. परंतु निवृत्तीनंतरच्या वाचनात जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवतो.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात लंडनमध्ये जॉन बोल्बी नावाचे मानसोपचारतज्ज्ञ काम करीत होते. ते 1907 साली एका सुखवस्तू घरात जन्मले. त्या काळच्या तशा घरांत मुले आईपेक्षा दाईच्याच सहवासात अधिक वाढत. बोल्बी चार वर्षांचे असताना त्यांची लाडकी दाई घर सोडून गेली, आणि ते दुःख आई गमावल्यासारखे होते असे त्यांनी पुढे सांगितले. मुलाला आईची ओढ असते ती केवळ दुधासाठी, हे त्या काळचे रूढ मत त्यांना पटले नाही. भूक ही जशी स्वतंत्र गरज, तशीच कोणा एका माणसाच्या जवळ असण्याची गरजही स्वतंत्र आहे. संकट आले की मूल ज्याच्याकडे धावते तो माणूस त्याच्या जगण्याचा आधार असतो, असे त्यांनी मांडले. 1969, 1973 आणि 1980 या वर्षी त्यांच्या महाग्रंथाचे तीन खंड निघाले. त्यांतील शेवटचा खंड सर्वस्वी वियोग आणि शोक यांना वाहिलेला आहे.

या ओढीला मराठीत काय म्हणावे? कोणी 'आसक्ती' म्हणतात. शब्द चुकीचा नाही, पण आपल्या कानांना तो खटकतो. आपल्या आध्यात्मिक वाङ्मयात आसक्ती म्हणजे सोडून द्यावयाची गोष्ट. तपसाधनेच्या प्रवचनांत तिचा उल्लेख पापाच्या पायरीजवळच कोठे तरी होतो. आम्ही येथे साधा 'माया' हा शब्द वापरणार आहोत. वेदान्तातील माया नव्हे, आजीच्या तोंडची माया.

बोल्बी यांचे एक सहकारी जेम्स रॉबर्टसन हे रुग्णालयांतील लहान मुलांचे निरीक्षण करीत. त्या काळी इंग्लंडमधील रुग्णालये आईबापांना मुलाजवळ राहू देत नसत. भेटीची वेळही अगदी तुटपुंजी असे. रॉबर्टसन यांना असे दिसले की आईपासून दूर ठेवलेले मूल प्रथम आकांत करते. मग ते रडणे थांबते आणि मूल हताश होऊन पडून राहते. आणि मग तिसरी अवस्था येते. मूल खाऊ लागते, परिचारिकांकडे पाहून हसू लागते, खेळण्यांत रमते. परिचारिका म्हणत, बाळ रुळले. परंतु आई भेटीला आली की हेच बाळ तिच्याकडे पाहत नसे. अनोळखी बाईकडे पाहावे तसे तोंड फिरवीत असे. रॉबर्टसन यांनी 1952 साली दोन वर्षांच्या एका मुलीच्या आठ दिवसांच्या रुग्णालयवासाचा मूक चित्रपट काढला. तो पाहून वैद्यकीय मंडळी प्रथम संतापली. पुढे 1959 साली एका सरकारी समितीने आईबापांना भेटीची मोकळीक द्यावी अशी शिफारस केली.

या तिसऱ्या अवस्थेला बोल्बी आणि रॉबर्टसन यांनी जो इंग्रजी शब्द वापरला, त्याचे मराठीकरण 'विरक्ती' असेच करावे लागते. अध्यात्माच्या इंग्रजी पुस्तकांतही संतांच्या विरक्तीला हाच शब्द आहे. हे वाचले तेव्हा आम्ही पुस्तक मिटून ठेवले.

कारण आम्हांला एक जुने दृश्य आठवले. आमची बहीण परिचारिका होती. भाचा दोन वर्षांचा असताना ती आखातात नोकरीला गेली. घराचे कर्ज होते, भावंडांची शिक्षणे होती. त्या भावंडांत आम्हीही होतो. भाचा आजीजवळ राहिला. तीन वर्षांनी बहीण परतली, तेव्हा त्याला कडेवर घेऊन आम्ही सारे विमानतळावर गेलो होतो. बहिणीने हात पुढे केले आणि त्याने आजीच्या खांद्यात तोंड खुपसले. आम्ही सारे हसलो. "आईला विसरला रे!" असे कोणी तरी म्हणाले. बहीणही हसली. ती किती हसली हे आता आठवावेसे वाटत नाही.

बोल्बी यांच्या सहकारी मेरी एन्सवर्थ यांनी हे निरीक्षण आणखी पुढे नेले. प्रथम युगांडातील खेड्यांत, आणि मग अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात. बाल्टिमोर येथे त्यांनी वर्षभराच्या मुलांना आईसह एका अनोळखी खोलीत आणले. आई थोडा वेळ बाहेर जाई आणि परत येई. एन्सवर्थ यांचे लक्ष मूल आई गेल्यावर किती रडते याकडे नव्हते. ती परतल्यावर ते काय करते याकडे होते. बहुतेक मुले आईकडे धावत, तिला बिलगत आणि थोड्याच वेळात पुन्हा खेळू लागत. काही मुले बिलगत, पण शांत होत नसत. एकीकडे आईला घट्ट धरीत आणि दुसरीकडे रागाने तिला ढकलीत. आणि काही मुले आई आली काय नि गेली काय, आपल्या खेळण्यांतच मान घालून बसत. ही शेवटची मुले सर्वांत समजूतदार वाटावीत अशी. पण पुढे इतर संशोधकांनी अशा मुलांच्या हृदयाचे ठोके मोजले, तेव्हा ते वाढलेले आढळले. चेहरा शांत होता, काळीज शांत नव्हते.

मोठेपणी हे कोठे जाते? 1987 साली सिंडी हेझन आणि फिलिप शेव्हर यांनी अमेरिकेतील डेन्व्हरच्या एका वृत्तपत्रात प्रश्नावली छापून वाचकांना त्यांच्या प्रेमसंबंधांविषयी विचारले. उत्तरे देणाऱ्यांपैकी सुमारे 56 टक्के लोकांनी आपण दुसऱ्यावर निर्धास्तपणे विसंबू शकतो असे कळविले. सुमारे 25 टक्के लोकांना फार जवळीक नकोशी वाटत होती. आणि उरलेले, सुमारे 19 टक्के, आपले माणूस आपल्याला सोडून जाईल या धास्तीत होते. बाल्टिमोरच्या खोलीतील तीन प्रकारची मुलेच जणू वयात आली होती. अर्थात वृत्तपत्राला उत्तरे धाडणारे म्हणजे सारे जग नव्हे. शिवाय हे साचे जन्माची बेडी नव्हेत. चांगला जोडीदार, चांगला शिक्षक, एखादा चांगला कबुलीगुरू यांच्या सहवासात ते बदलतात. आणि आमचा स्वतःचा एक आक्षेप असा की हे सारे चौकोनी कुटुंब डोळ्यांपुढे ठेवून बेतलेले दिसते. आपल्याकडे मूल एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर वाढत आलेले आहे. आजी, आत्या, शेजारची मावशी या सर्वांची मिळून एक आई होत असे. तशी घरे आता आपल्याकडेही कमी होत चालली आहेत, ही गोष्ट निराळी.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. 1990 साली इस्राएलमधील मारिओ मिकुलिन्सर, व्हिक्टर फ्लोरियन आणि त्यांचे एक सहकारी यांनी विद्यापीठातील विद्यार्थ्यांची मरणाविषयीची भावना तपासली. ज्या देशात मुलेमुली अठराव्या वर्षी सैन्यात जातात, तेथील तरुणांना मरण हा पुस्तकी विषय नव्हे. त्यांना दोन प्रकारे विचारण्यात आले. एक, सरळ प्रश्नावलीने. दुसरे, काही संदिग्ध चित्रे दाखवून त्यांवर गोष्टी लिहावयास सांगून. गोष्टी लिहिताना मनाच्या तळातील भय नकळत वर येते, म्हणून. ज्यांची माया धास्तावलेली होती त्यांनी मरणाचे भय उघड कबूल केले, आणि त्यांच्या गोष्टींतही ते दिसले. ज्यांची माया निर्धास्त होती त्यांच्यात ते दोन्ही ठिकाणी कमी होते. दूर राहणाऱ्यांचे मात्र वेगळेच. प्रश्नावलीत त्यांनी विशेष भय दाखविले नाही. गोष्टींत ते उतरले. भयाचा विषयही एक नव्हता. धास्तावलेल्यांना भय होते ते आपण लोकांच्या आठवणीतून पुसले जाऊ याचे. दूर राहणाऱ्यांना भय होते ते मरणापलीकडील अज्ञाताचे, जेथे आपल्या हातात काहीच राहत नाही त्या जागेचे.

हे वाचताना फाटकाशी उभा असलेला भाचा डोळ्यांपुढे आला. त्या दिवशी जे जे माणसाच्या हातात असू शकते ते सारे त्याने हातात घेतले होते. खुर्च्या, रिक्षा, चहा, वेळा. एकच गोष्ट त्याच्या हातात नव्हती आणि ती त्या पेटीत होती.

कोणी म्हणेल, हे सारे परक्यांचे संशोधन. श्रद्धावंताची गोष्ट निराळी. म्हणून आपल्याच घरातील दोन साक्षी काढतो.

पहिली साक्ष संत ऑगस्टीन यांची. 'कन्फेशन्स' या आत्मचरित्राच्या चौथ्या भागात त्यांनी आपल्या तरुणपणीच्या एका मित्राची हकीकत सांगितली आहे. मित्राचे नाव ते देत नाहीत. ऑगस्टीन तेव्हा बाविशीच्या आसपास होते, आपल्या तागास्ते या गावी शिकवीत होते, आणि ख्रिस्ती श्रद्धेपासून दूर मानी पंथात रमले होते; मित्रालाही त्यांनी तिकडे ओढले होते. मित्राला ताप भरला. तो बेशुद्ध असताना त्याला बाप्तिस्मा देण्यात आला. शुद्धीवर आल्यावर ऑगस्टीन यांनी त्या बाप्तिस्म्याची थट्टा केली. मित्र हसेल अशी त्यांची अपेक्षा होती. त्याने त्यांना झिडकारले. काही दिवसांनी ताप उलटला आणि मित्र गेला. ऑगस्टीन त्या वेळी जवळ नव्हते. पुढची पाने वाचताना काळीज हलते. गाव नकोसे झाले, घर नकोसे झाले, जेथे जेथे दोघे मिळून गेले होते ती प्रत्येक जागा छळू लागली. जगण्याचा वीट आला आणि त्याच वेळी मरणाचे भय वाढले. आपणही मेलो तर मित्राचा जो अंश आपल्यात उरला आहे तोही मरेल, असे त्यांना वाटले. शेवटी ते गाव सोडून कार्थेजला गेले. वीस-एक वर्षांनी, बिशप झाल्यावर, त्यांनी या शोकाची कठोर तपासणी केली. मर्त्य माणसावर तो कधी मरणारच नाही असे समजून आपण प्रेम केले, असा निर्वाळा त्यांनी दिला. भाचीला जे आम्ही बोललो त्याला हा आधार पुरेसा आहे, असे कोणाला वाटेल.

परंतु त्याच पुस्तकाचा नववा भाग वाचावा. 387 साल, ओस्तिया बंदर. आई मोनिका 56 वर्षांच्या, ऑगस्टीन 33 वर्षांचे आणि नुकतेच बाप्तिस्मा घेतलेले. आईने प्राण सोडला तेव्हा त्यांचा पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा अदेओदात मोठ्याने रडू लागला, आणि सर्वांनी मिळून त्याला गप्प केले. आशेने मेलेल्या स्त्रीसाठी आक्रोश शोभत नाही, म्हणून. ऑगस्टीन यांनी डोळ्यांतले पाणी डोळ्यांतच जिरविले. आलेल्या लोकांशी ते प्रसंगोचित बोलत राहिले. त्यांना काहीच वाटत नाही असे लोकांना वाटले. दफनाच्या वेळीही ते रडले नाहीत. मग ते स्नानाला गेले, कारण स्नानाने मनाचा भार उतरतो असे त्यांनी ऐकले होते. भार उतरला नाही. झोपून उठल्यावर, एकटे असताना, आईची आठवण जशीच्या तशी परत आली आणि ते रडले. फार नाही, तासाचाही अंश. त्याबद्दल कोणाला दोष द्यावयाचा असेल तर त्याने द्यावा, पण हसू नये, अशी विनवणी त्यांनी वाचकाला केली आहे.

म्हणजे बाविसाव्या वर्षी जो मुलगा पेटीची कड सोडीत नव्हता, तोच तेहतिसाव्या वर्षी अंगणाच्या कोपऱ्यात उभा राहून पाहुण्यांशी बोलत होता. दोन्ही एकाच माणसात. आणि गप्प करण्यात आलेल्या त्या अदेओदातचे काय? तोही थोड्याच वर्षांत, तरुणपणीच, वारला. त्याचे रडणे कोठे गेले याची नोंद नाही.

दुसरी साक्ष आपल्या लाडक्या लहान तेरेजाची. तिचे चित्र आपल्या घराघरांत आहे. गुलाबांमुळे ते फार गोड झाले आहे. चित्राच्या मागची हकीकत गोड नाही. ती 1873 साली फ्रान्समधील आलांसों गावी जन्मली. आईचे दूध तिला पुरेना, म्हणून दोन-अडीच महिन्यांची असताना तिला खेड्यातील एका दाईकडे धाडण्यात आले. पुढचे वर्षभर ती दाई हीच तिची आई होती. तिच्यापासून तोडून तिला घरी आणले, आणि साडेचार वर्षांची असताना खरी आई कर्करोगाने गेली. त्या वेळी आपण फारसे रडलो नाही, मुकाट्याने सारे पाहत राहिलो, असे तिने लिहिले आहे. पुढे मात्र हसरी मुलगी हळवी आणि भित्री झाली. थोरल्या बहिणीला, पोलिनला, तिने दुसरी आई मानले. 1882 साली पोलिनही मठात गेली. काही महिन्यांत तेरेजा विचित्र आजाराने अंथरुणाला खिळली. बोल्बी यांनी ही हकीकत वाचली असती तर त्यांना टीप लिहावी लागली नसती.

1888 साली, पंधराव्या वर्षी, ती त्याच लिझ्यूच्या कार्मेल मठात दाखल झाली. तेथे पोलिन होती, दुसरी बहीण मारी होती. बहिणींची माया शोधीत ती तेथे गेली असे कोणी म्हणाले, तर तिने स्वतःच त्याचा इन्कार केला आहे. आणि मठात आल्यावर त्यांच्याकडे धाव घेण्याचा मोह ती आवरीत असे. हे आवरणे म्हणजे रुग्णालयातील बाळाची विरक्ती होती की संताची? आम्हांला वाटते, ती ओढ तिने मारली नाही. ती तिला माहीत होती, तिने तिला नाव दिले होते, आणि तरी ती पावले आवरीत होती. बाळाला आपण काय आवरीत आहो हेच ठाऊक नसते. फरक असेल तर येथे असावा.

आणि तिचे मरण? 1896 च्या पुण्य गुरुवारच्या रात्री तिच्या तोंडातून प्रथम रक्त आले. आरंभी तिला आनंद झाला. प्रभू बोलावीत आहे, म्हणून. पण त्याच पास्काच्या दिवसांत तिच्या मनात काळोख शिरला. मरणानंतर काहीच नाही, अधिकच गडद रात्र आहे, असे काही तरी आतून तिला चिडवू लागले. हा काळोख शेवटपर्यंत, 30 सप्टेंबर 1897 पर्यंत, फिटला नाही. 24 वर्षांच्या ज्या मुलीला ख्रिस्तसभेने 1997 साली धर्मपंडिता म्हणून गौरविले, ती मरणापुढे शांत नव्हती. पण त्या शेवटच्या महिन्यांत ती पोलिनला उशाशी बसू देत होती, तिच्याशी बोलत होती, थट्टाही करीत होती. विश्वास तिला जाणवत नव्हता. ती विश्वासाने वागत होती. श्रद्धेचे माप भयाच्या कमीजास्तपणावरून काढणाऱ्यांनी या मुलीचे काय करावयाचे?

अमेरिकेतील ली कर्कपॅट्रिक यांनी 1990 च्या सुमारास असे दाखवून दिले की श्रद्धावंतासाठी परमेश्वर हा नेमके तेच काम करतो जे मुलासाठी आई करते. संकटात धावण्याची जागा, आणि निर्भयपणे जगात जाण्यासाठी पाठीशी असलेला आधार. येथून दोन वाटा फुटतात असे त्यांचे म्हणणे. काही माणसे आईवर जसा विश्वास टाकतात तसाच देवावर टाकतात. ज्यांची माया धास्तावलेली त्यांचा देवही जणू केव्हाही उठून जाईल असा. दुसरी माणसे आईकडून जे मिळाले नाही ते देवाकडे मागतात, आणि कधी कधी एकाएकी त्याच्याकडे वळतात. हे नास्तिकाच्या हाती दिले तर तो म्हणेल, पाहा, देव म्हणजे आईची सावली. आम्हांला तसे वाटत नाही. ज्याने मुलाला आईच्या कुशीतून विश्वास शिकविला त्यानेच तो विश्वास आपल्यासाठी घडविला असेल, तर सावली कोणाची कोणावर पडली हे इतक्या घाईने ठरविता येणार नाही. स्तोत्रकर्त्याने हे जाणले होते. प्रभूने क्रूसावर बाविसाव्या स्तोत्राच्या प्रारंभीचा त्यागलेपणाचा टाहो फोडला. त्याच स्तोत्रात थोडे पुढे, आईच्या छातीशी असतानाच आपण देवावर विसंबावयास शिकलो अशी आठवण आहे. आणि क्रूसाखाली आई उभी होती. मरणापूर्वी त्याने केलेल्या शेवटच्या व्यवस्थांत एक ही होती की तिला मूल मिळावे आणि शिष्याला आई. आदल्या रात्री तिघा मित्रांना त्याने जवळ जागत बसण्याची विनवणी केली होती, ते झोपले. मरणाच्या भयाने घाम गाळणाऱ्या प्रभूला, पुनरुत्थानावर तुझा विश्वास आहे ना, असे त्या रात्री कोणी विचारले नाही, हे बरे झाले.

थेस्सलनीकाकरांना लिहिताना संत पौलानेही शोकाला बंदी घातलेली नाही. आशाहीनांचा शोक आणि विश्वासणाऱ्यांचा शोक यांत त्याने फरक केला, एवढेच. व्हॅटिकन परिषदेने 1963 साली दफनविधीतून पास्काचे रहस्य अधिक स्पष्ट व्हावे असे सांगितले, आणि ते योग्यच होते. पण रडणाऱ्या मुलीला गप्प करण्यासाठी तो दस्तऐवज लिहिलेला नाही. आम्ही तो त्या कामी वापरला.

का वापरला, हे शोधताना शेवटी जे वाचनात आले ते सांगून टाकतो. 1989 साली अमेरिकेतील टूसान शहराच्या 22 न्यायाधीशांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. अर्ध्या न्यायाधीशांना प्रथम स्वतःच्या मरणाविषयी दोन प्रश्न विचारण्यात आले. मग सर्वांना वेश्याव्यवसायाच्या आरोपाचे एकच काल्पनिक प्रकरण देऊन जामिनाची रक्कम ठरविण्यास सांगितले. ज्यांना मरणाची आठवण दिली नव्हती त्यांनी सरासरी 50 डॉलर मागितले. ज्यांना दिली होती त्यांनी 455. पुढे अशा प्रकारचे प्रयोग इतरत्र करून पाहिले असता हा परिणाम दर वेळी आढळला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु 2000 साली मिकुलिन्सर आणि फ्लोरियन यांना असे आढळले की मरणाची आठवण दिल्यावर दुसऱ्यांच्या चुकांना अधिक कठोर शिक्षा सुचवितात ती धास्तावलेली आणि दूर राहणारी माणसे. ज्यांची माया निर्धास्त असते ती त्या वेळी कठोर होत नाहीत. ती आपल्या माणसांच्या अधिक जवळ जाऊ पाहतात.

त्या दिवशी बहिणीच्या पेटीवर आम्ही आमच्या हाताने माती टाकली होती. ती आमच्यापेक्षा चार वर्षांनी मोठी होती. तिने आखातातून धाडलेल्या पैशांवर आम्ही शिकलो. तिच्यासाठी आम्ही रडलो नव्हतो. माती टाकून हात झटकले, आणि मग ती दोन वाक्ये आमच्या तोंडून निघाली. रक्कम 50 नव्हती, 455 होती. तेव्हा त्या दिवशी माया धास्तावलेली कोणाची आणि पळ काढणारी कोणाची, याचा निवाडा दोन मुलांपुरता करून भागणारे नाही.

गेल्या 2 नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, दफनभूमीत गेलो तेव्हा भाचा आमच्या आधी पोहोचला होता. क्रूसाला त्याने नवा पांढरा रंग दिला होता. बोटांना तो अजून लागलेला होता. भाची शेवंतीची फुले मांडीत होती आणि भाऊ आडवा येतो म्हणून त्याला रागावत होती. आम्ही त्याला बाजूला घेतले. जे म्हणावयाचे होते ते पाठ करून आलो होतो, तरी नीट म्हणता आले नाही. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "मामा, तुम्ही म्हणालात त्यात खोटे काही नव्हते. पण मी पेटीजवळ बसलो असतो तर मला उठवायला कोण होते? मावश्या तिला धरून होत्या. पपा आत पडले होते. तुम्ही..." येथे तो थांबला.

भाचीने मेणबत्ती लावली. वारा होता, ती विझली. तिने पुन्हा लावली, पुन्हा विझली. तेव्हा तो उठला, क्रूसाच्या पायथ्याशी गुडघे टेकून बसला आणि रंगाने माखलेल्या हातांचा त्याने आडोसा केला. ती पेटेपर्यंत त्याने हात काढले नाहीत. पेटल्यावरही काढले नाहीत. आम्ही त्याच्या बाजूला जागा करून बसलो.